गाडी गेल्यावर भोला काय करतो?

रातपाळी सुटली. अंगावरची रुई झटकली, गेटाबाहेरच्या टपरीवर एक कट चहा मारला आणि तसाच जिल्ह्याच्या एस्टीत बसलो. सोबत आमच्या रिंग खात्यातलाच एक डॉफर. तो म्हणाला, "गड्या, झोप टाकून पिक्चर बघाया चाललोय. मारामारी तरी हाय का त्यात?" मी म्हणालो, "हाय. पण दुधावरनं." तो हसला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

पिक्चर होता 'मंथन'. श्याम बेनेगलांचा, १९७६ सालचा. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं जुनी रिळं साफसूफ केली, मे २०२४ मध्ये फ्रान्सला कानच्या महोत्सवात दाखवली आणि मग जूनच्या १ आणि २ तारखेला देशभरच्या थेटरांत आणली. त्यातला रविवार आम्ही गाठला. तिकीट आणि एस्टी मिळून दोघांच्या एकेक हजेऱ्या गेल्या. हे सांगतो ते रडगाणं म्हणून नाही. कलात्मक सिनेमा कुणासाठी काढतात ह्या चर्चेत हा हिशेब कुणी धरत नाही, म्हणून सांगतो.

थेटर मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर. दारातल्या वॉचमननं आमच्या चपलांकडे बघितलं. तोही आमच्यातलाच असावा, कारण बघून नजर खाली घातली. आत पंचवीस-तीस टाळकी. प्रोफेसर, बँकवाले, दोन-तीन पिकल्या केसांच्या बाया. प्रीती सागरचं गाणं सुरू झालं तशी सगळी गुणगुणायला लागली. गाणं त्यांना जाहिरातीतून पाठ. दूध-लोण्याच्या जाहिरातीत ते इतकी वर्षं वाजलंय की सिनेमात माणसं काय भोगतात ह्याच्याशी त्याचा संबंधच उरलेला नाही. गाणं गोडच आहे, मलाही आवडतं. पण ज्या गावाबद्दल ते आहे, त्या गावात पुढं झोपड्या जळतात.

इथंच एका गोष्टीचा खुलासा करतो. मागच्या बैठकीत आपल्या एका मित्रानं मांडलं, की असले सवर्णांनी सवर्णांसाठी काढलेले सिनेमे बघण्यात आपण वेळ का घालवायचा? आपला सिनेमा आपण काढू, तोवर त्यांच्या पडद्यावर थुंकू. टाळ्या पडल्या. मीपण वाजवली. पण एस्टीत बसल्यावर वाटलं, थुंकायचं तरी कशावर ते बघून घ्यावं. त्या मित्राला हा लेख म्हणजे माझं उत्तर आहे, भांडण नाही.

गोष्ट थोडक्यात. गुजरातच्या एका खेड्यात डॉक्टर राव नावाचा जनावरांचा डॉक्टर (गिरीश कार्नाड) आपली माणसं घेऊन सहकारी दूध सोसायटी काढायला येतो. गावात दूध विकत घेतो तो मिश्रा (अमरीश पुरी). भाव त्याचा, माप त्याचं. सरपंचाला (कुलभूषण खरबंदा) सोसायटी हवी, पण स्वतःच्या मुठीत. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत भोला (नसीरुद्दीन शाह). तो शहरातनं आलेल्या कुठल्याच साहेबावर विश्वास ठेवत नाही. असाच एक शहरी माणूस त्याच्या आईला फसवून गेलेला, आणि भोला त्याचाच मुलगा. पुढं सोसायटीची निवडणूक होते. सरपंच पडतो, वस्तीतला मोती निवडून येतो, आणि वस्तीला आग लागते. शेवटी रावची बदली होते. राव गाडीत बसतो. भोला स्टेशनाकडे पळत सुटतो.

ह्या सिनेमाचे पैसे कुणी घातले हे तर प्रसिद्धच आहे. गुजरातच्या सहकारी दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घातले, दहा लाख जमले. मग ट्रक भरभरून ते शेतकरी स्वतःचाच सिनेमा बघायला आले. ही गोष्ट मोठी आहे, तिची टिंगल मी करणार नाही. जगाच्या पाठीवर फार थोड्या सिनेमांना असे मालक मिळाले असतील. पण एक विचारतो. ह्या पाच लाखांत भोला किती होते? म्हैस पाळायची तर वैरण लागते, वैरणीला बांध लागतो, बांधाला जमीन लागते. ज्याला जमीन नाही त्याची म्हैस दुसऱ्याच्या बांधावर चरते आणि त्या बांधाचा मालक सरपंचच असतो. सिनेमात सरपंच इतका बेफिकीर का दिसतो, ह्याचं उत्तर मला तिथं सापडतं. खुर्ची गेली तरी त्याचा बांध शाबूत आहे.

आता दुधाचं सांगतो, कारण हा सिनेमा मला कळला तो दुधावरून.

माझ्या आजीकडे एक म्हैस होती, अर्धलीनं सांभाळायला घेतलेली. गावात डेअरीचं केंद्र आलं तेव्हा आजी खूश. आता हाटेलवाल्याच्या दारात उभं राहायचं कारण नाही. तो तसंही आमचं दूध चहात घालत नव्हताच. केंद्रावर दूध घेतलं, नाही असं नाही. नियमच होता, सगळ्यांचं घ्यायचं. पण आमच्या वस्तीसाठी एक वेगळी किटली भिंतीकडेला ठेवलेली. आजीनं दूध वरनं ओतायचं, किटलीला हात लावायचा नाही. मी सहा-सात वर्षांचा. एकदा आजीच्या पदराला धरून तालुक्याला गेलो तर तिथं डेअरीचा टँकर उभा. गावोगावच्या किटल्या त्यात धडाधड रिकाम्या होत होत्या. आमची किटलीसुद्धा. एकाच तोंडातनं. मी आजीला म्हणालो, "आये, आपलं मिसळलं की गं." आजीनं माझं तोंड दाबलं.

दोस्तांनो, चवदार तळ्याचं पाणी ते पाणी होतं, ते तळ्यात राहिलं. दूध गावातनं निघतं आणि शहरातल्या देवघरात जाऊन पोचतं. म्हणून सहकाराच्या ह्या धंद्यात आपोआपच एक बाटवाबाटवी आहे, कायद्यानं नव्हे, टँकरनं झालेली. 'मंथन' ह्या ठिणगीपर्यंत येतो. एकच रांग, एकच यंत्र, फॅट जितकं तितका पैसा. यंत्राला जात कळत नाही. ती कळते यंत्राजवळ उभ्या असणाऱ्याला. बेनेगलांच्या कॅमेऱ्याला (कॅमेरा गोविंद निहलानींचा) हे दिसलंय, पण तो तिथं रेंगाळत नाही. त्याला रावच्या चेहऱ्याकडे जायची घाई. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण छोटी नाही. रांगेत उभं असणाऱ्या माणसाच्या हाताकडे, ओतताना तो किटलीपासून किती अंतर राखतो त्याकडे जर कॅमेरा थांबला असता, तर अख्खी वर्णव्यवस्था त्या वीतभर अंतरात दिसली असती.

गिरणीतही हेच होतं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकामाच्या खात्यात घेत नसत. कारण धोट्याच्या भोकातनं धागा ओढायला तो तोंडानं शोषावा लागायचा, आणि तो धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी सांगणारे अवघडले. विणकामात पगार जास्त होता हे लक्षात घ्या. विटाळ नेहमी पगार जास्त असतो तिथंच का होतो, झाडू मारताना का होत नाही, हा प्रश्न मला रिंग फ्रेमपुढं उभा राहून तुटलेलं सूत सांधताना कैक वेळा पडलाय.

असो. भोलाकडे येतो.

त्या काळातल्या ह्या सिनेमाला समांतर म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. समांतर रेषा एकमेकींना कुठंच भेटत नाहीत. गाव आणि आपली वस्तीही तशीच. ह्या समांतर सिनेमात आपला माणूस, आदिवासी माणूस बघा कसा येतो. बेनेगलांच्याच 'अंकुर'मध्ये (१९७४) किश्तय्या मुका आणि बहिरा. निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये (१९८०) लहान्या भिकू जवळजवळ अख्खा सिनेमाभर तोंड उघडत नाही, उघडतो ते शेवटी ओरडण्यासाठी. सत्यजित राय यांच्या 'सद्गती'त (१९८१) दुखी लाकूड फोडता फोडता मरून जातो. नट सगळे नामी. हेतूही वाईट म्हणवत नाही. पण ओळीनं बघितलं की वाटतं, ह्या चांगल्या माणसांना आपला सोसणारा माणूस हवा आहे, बोलणारा नको. आणि हे सिनेमे निघत होते तेव्हा मुंबईत पँथर उभी राहून (१९७२) बोलत होती, लिहीत होती, लाठ्या खात होती. कामाठीपुऱ्यापासून नायगावापर्यंत शब्दांचा स्फोट झालेला आणि पडद्यावर आपण मुके!

त्यात भोला वेगळा. भोला बोलतो. वाकडं बोलतो, शिव्या घालतो, साहेबाला तोंडावर विचारतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा संशय हा सिनेमा खुळचटपणा म्हणून दाखवत नाही. तो संशय आईच्या आयुष्यातनं आलाय, ते त्याचं शिक्षण आहे. नसीरुद्दीननं हे अंगातनं काढलंय. तो उभा राहतो तेव्हा खांदा पुढं येतो, जणू कुणी मारणार हे धरूनच चालला आहे. माझा डॉफर दोस्त अर्ध्यातनं जागा झाला होता, तो कानात म्हणाला, "ह्ये आपल्या जॉबरपुढं उभं ऱ्हायल्यागत उभा हाय बघ." इतकी नेमकी समीक्षा मी छापील कागदावर वाचलेली नाही.

पण भोलाचा संशय फिटतो कसा? राव चांगला वागतो म्हणून. तिथं माझं बिनसलं. संशय जर अनुभवातनं आला असेल तर तो एका माणसाच्या चांगुलपणानं का फिटावा? तो फिटायला हवा होता सोसायटीचे पैसे वेळेवर मिळाल्यानं, मोती खुर्चीत बसून खरंच सही करतो हे दिसल्यानं. मोती निवडून आला हे कळतं. मोतीला खुर्चीत काम करताना बघावं अशी मला फार आशा होती, ती पुरी झाली नाही. निवडणूक झाली, आग लागली, आणि सिनेमा पुन्हा रावच्या मनस्तापाकडे वळला. विजय तेंडुलकरांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि बांधणी घट्ट आहे यात वाद नाही. तेंडुलकरांना सत्ता कुणाची आणि ती कशी चिरडते हे फार चांगलं कळतं. चिरडला जाणारा सत्तेत जाऊन बसला तर तो काय करील, ह्या ठिकाणी मात्र लेखणी थांबलेली दिसते.

रावच्या हाताखालचा देशमुख (मोहन आगाशे) त्याला समजावतो, की आपण सोसायटी काढायला आलोय, गावचं राजकारण बदलायला नाही. आमच्या शेजारच्या प्रोफेसरांनी इथं मान हलवली. मला हा देशमुख सगळ्यांत खरा वाटला. तो दुष्ट नाही. ह्या देशात बहुतेक कामं देशमुखच करतात, फायली त्यांच्याच हातनं हलतात. आणि जातीला हात न लावता विकास करू म्हणणाऱ्या ह्या सज्जन माणसाला राव नीट उत्तर देऊ शकत नाही. गाव म्हणजे काय हे बाबासाहेबांनी संविधान सभेत १९४८ साली स्वच्छ सांगितलं होतं. रावनं ते वाचलेलं नाही एवढंच म्हणतो.

आणि तो शब्द. अख्ख्या सिनेमात 'हरिजन, हरिजन'. काळ तसा होता हे मान्य. पण भोलाच्या वस्तीत एकाही भिंतीवर एक फोटो नाही, एकाही तोंडी एक नाव नाही. १९७६ साल, दीक्षेला वीस वर्षं होऊन गेलेली. गुजरातच्या त्या खेड्यात तेव्हा ते पोचलं नसेलही, मी हट्ट धरत नाही. पण मला त्या झोपडीच्या भिंती फार रिकाम्या दिसल्या.

बायकांबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. रावच्या टोळीतला चंदावरकर (अनंत नाग) वस्तीतल्या एका पोरीला नादी लावतो. राव त्याला हाकलून देतो. छान. पण पोरीचं काय? चंदावरकर गेला, तिचा विषयही गेला. रावचं नाव स्वच्छ राहिलं म्हणजे प्रकरण मिटलं असा एकूण सूर. दुसरी बिंदू. स्मिता पाटीलनं ही बिंदू अशी उभी केली आहे की तिच्या नुसत्या कमरेवरच्या हातात अख्खा गाव कळतो. १९८६ साली ती गेली. आजही तिला पडद्यावर बघितलं की पोटात कालवतं. त्या बिंदूचा नवरा परत येतो आणि रावनं बळजबरी केल्याच्या खोट्या कागदावर तिचा अंगठा घेतला जातो. अंगठा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मी खुर्चीत अस्वस्थ झालो. चंद्रपूर जिल्ह्यात १९७२ साली पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी पोरीवर बलात्कार झाला. तिची तक्रार खरी होती आणि पुढं सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले. ज्या दशकात खरी तक्रार कुणी ऐकून घेत नव्हतं, त्या दशकातल्या पुरोगामी सिनेमाला गरीब बाईची तक्रार दाखवायची तर खोटीच सापडली. बिंदूवर जबरदस्ती होते हे सिनेमा दाखवतो, ती हतबल आहे हेही दाखवतो. तरी बघणाऱ्याच्या मनात काय उरतं? बिचारा डॉक्टर.

आता शेवट. गाडी सुटते. भोला पळत येतो, गाडी गेलेली असते. तो माघारी फिरतो. मोजकी माणसं दूध घेऊन येतात, सोसायटी पुन्हा चालू. दिवे लागले. माणसं टाळ्या वाजवून उठली. कुणी एक बाई म्हणाल्या, "किती आशावादी!" मी खुर्चीत बसून राहिलो. कारण आमच्यासाठी पिक्चर तिथं सुरू होतो.

मी ज्या गिरणीत आहे ती सहकारीच. कोनशिलेवर मोठमोठी नावं. आज ती भाड्यानं दुसऱ्याला चालवायला दिलेली आहे आणि आम्ही कंत्राटदाराकडे. म्हणजे मिश्रानं सोसायटीच विकत घेतली. दुसरी गंमत ऐका. आमच्या भागात मागासवर्गीयांसाठी म्हणून एक सूतगिरणी मंजूर झाली. माझ्या बापानं आईच्या कानातलं मोडून शेअर घेतला. आज तिथं एक कंपाउंड आहे, एक गंजका बोर्ड आहे आणि आत बाभळी आहेत. चेअरमन आपलाच माणूस. म्हणजे आमच्या गावचा मोतीच. पण पेन दुसऱ्याच्या खिशात. वार्षिक सभा कधी होते, कुठं होते, कोरम कसा भरतो, कुणाला पत्ता नाही. बाप सभासद आहे, आणि बापाला एक नोटीस आलेली नाही. मोती चेअरमन झाल्यावर काय होतं हे मला सिनेमात हवं होतं ते ह्यासाठी.

आणि एक कबूल करायचं आहे. कडू आहे, पण दुसऱ्यांच्या सिनेमाची साल काढताना आपली झाकून ठेवणं बरं नाही. आमच्याकडेही एक राव येऊन गेला. सरकारी खात्यातला साहेब, खरंच चांगला. आमच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या फायलीवरची धूळ त्यानं झटकली. आम्ही चाळीस-पन्नास जण त्याच्या कचेरीत रोज जाऊन बसायचो, घोषणा द्यायचो, युनियनचं नावसुद्धा ठरलं होतं. सात महिन्यांत त्याची बदली झाली. आम्ही हार घेऊन एस्टी स्टँडवर गेलो, काहीजण रडले. मी रडलो. आणि पुढच्या पंधरवड्यात युनियन विरघळली. बैठकीला पहिल्यांदा वीस, मग नऊ, मग मी आणि हा डॉफर. फाईल अजून तिथंच आहे. साहेब होता तेव्हा आमच्यातल्या एकानंही त्या फाईलची नक्कल काढून ठेवली नाही. भोला निदान स्टेशनवरनं माघारी फिरला. आम्ही एस्टी स्टँडवरच उभे राहिलो.

म्हणून बैठकीतल्या त्या मित्राला सांगतो, हा सिनेमा बघ. थुंकायला जागा खूप आहेत, मी वर दाखवल्या. पण शेवटची दहा मिनिटं बघताना थुंकी तोंडातच राहते.

परतीच्या एस्टीत डॉफर झोपला नाही. बराच वेळ गप्प बसून एकदम म्हणाला, "त्या सोसायटीचं दफ्तर कोण लिहीत असंल रं, साहेब गेल्यावर? भोलाला तर लिव्हता येत नसंल." मी म्हणालो, मोतीचा पोरगा लिहीत असेल. "आन् त्येला कुणी शिकवलं?" मला उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जायच्या आधी बापाची ट्रंक उघडली. शेअरची पावती सापडली, घडीवर विरलेली. सभासद क्रमांक वाचता येतो. सहीच्या जागी बापाचा अंगठा आहे. सहनिबंधकाच्या कचेरीत सभासद यादीची आणि गेल्या सभांच्या इतिवृत्तांची नक्कल मागायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. डॉफरच्या चुलत्याचीही पावती आहे म्हणे. ज्यांच्या घरी अशा पावत्या असतील त्यांनी येत्या रविवारी बुद्धविहारात घेऊन यावं. झेरॉक्सचे पैसे वर्गणीतून देऊ.